हौशी धावपटूंचे मोजमाप केवळ घड्याळाने होत नाही

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून छत्तीसगडमधील या नगरीचा दिनक्रम कारखान्याच्या पाळ्यांशी जोडला गेला आहे. अशा गावात सकाळी एकाच रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी एक जण रात्रपाळी करून आलेला, दुसरा सेवानिवृत्त, तर तिसरा महाविद्यालयीन विद्यार्थी असू शकतो. तिघांची तुलना मात्र बहुधा एकाच घड्याळाने केली जाते. वेगवान धावपटूचा अहंकार आणि संथ धावणाऱ्याचा संकोच यांचे मूळ याच तुलनेत आहे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही तुलना अपुरी ठरते. धावताना खर्च होणारी ऊर्जा मुख्यत्वे वजन आणि अंतर यांवर अवलंबून असते. दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ती सुमारे १ किलोकॅलरी असते. ६० किलो वजनाच्या दोन व्यक्तींपैकी एकीने १० किलोमीटर अंतर ५० मिनिटांत आणि दुसरीने ८० मिनिटांत धावून पूर्ण केले, तरी दोघींचा खर्च सुमारे ६०० किलोकॅलरीच होतो. पहिलीचा श्रम तीव्र असतो, तर दुसरीला तो अर्धा तास अधिक सोसावा लागतो.

सारखा सराव केला म्हणून प्रगतीही सारखी होत नाही. अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी ४८१ व्यक्तींना २० आठवडे एकाच पद्धतीचे व्यायाम प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काहींची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला १ लिटरहून अधिक वाढली, तर काहींच्या क्षमतेत जवळजवळ फरकच पडला नाही. या तफावतीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा होता. त्यामुळे मागे राहिलेला धावपटू आळशी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

वयाचाही विचार करावा लागतो. बॉस्टन मॅरेथॉनने १९७० मध्ये प्रथमच प्रवेशासाठी वेळेची अट घातली, तेव्हा ती सर्वांना सरसकट चार तासांची होती. २०२६ च्या शर्यतीसाठी मात्र १८ ते ३४ वयोगटातील पुरुषांना २ तास ५५ मिनिटे, तर ६० ते ६४ वयोगटातील पुरुषांना ३ तास ५० मिनिटे अशी मर्यादा होती.

फौजा सिंग यांनी २०११ मध्ये टोरांटो येथे वयाच्या शंभराव्या वर्षी सुमारे ८ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. जन्मदाखला नसल्याने गिनीज बुकने तो विक्रम नोंदवला नाही. जगभरातील धावपटूंनी मात्र त्यांना मानाचे स्थान दिले.

इतरांच्या वेगाशी स्पर्धा करण्यात आरोग्याचाही धोका असतो. भिलाईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अपुऱ्या झोपेनंतर किंवा उकाड्यात ईर्षेने वेग वाढविल्यास उष्माघात होऊ शकतो. चक्कर, मळमळ अथवा गोंधळल्यासारखे वाटल्यास त्वरित थांबून सावली गाठणे व मदत मागणे आवश्यक असते. नेहमीच्या सरावात धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवणे सुरक्षित मानले जाते. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. प्रगती तपासायची झाल्यास तुलना स्वतःच्याच मागील महिन्याच्या नोंदीशी करणे अधिक योग्य ठरते.