पेठेतलं अमृततुल्य

ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे, टिळक, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसताच हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. वांधा चहाचा नव्हता, तो कुणाच्या हातचा याचा होता.

पुढे विसाव्या शतकात याच पुण्याच्या पेठांतून चहाची दुकानं थाटली ती राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. पाटीवर नर्मदेश्वर, अंबिका अशी देवादिकांची नावं आणि त्यापुढे ‘अमृततुल्य’. सोवळ्या गिऱ्हाइकाची निम्मी पंचाईत पाटी वाचूनच मिटत असणार.

दुकान असतं जेमतेम खोलीभर. दर्शनी ओट्यावर मालक मांडी घालून बसलेला, पुढ्यात धगधगती शेगडी आणि घासून लखलखीत केलेलं पितळी पातेलं. दूध, पाणी, साखर, चहा पावडर सगळं एकत्रच उकळतं. खलबत्त्यात आलं-वेलची ठेचली जाते, ती वरून पडते. ओगराळ्याने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडायचा, उतू जाऊ द्यायचा नाही. मग फडक्यातून गाळून किटलीत. सोबतीला क्रीमरोल.

एवढी उकळी सोसते ती सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पावडर. 1930 च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकरचर यांनी ती बनवणारं यंत्र आणलं. दातेरी रुळांमधून पान चिरडत, फाटत, वळत जातं आणि त्याचे बारीक दाणे होतात. दाणा रंग झटपट सोडतो, कडक उतरतो आणि दुधातही चव राखतो. दार्जिलिंगची नाजूक पत्ती या पातेल्यात टाकली, तर पैसे पाण्यात.

गेल्या काही वर्षांत ‘अमृततुल्य’ नावाच्या साखळी दुकानांचं पेव फुटलंय. तिथे मापं ठरलेली, चव सगळीकडे सारखी. जुन्या दुकानात मात्र चव मालकाच्या हाताची. तिथे गेलात तर ‘साखर कमी’ सांगण्याच्या फंदात पडू नका. ती पातेल्यात केव्हाच पडलेली असते.