आभासी डिस्कची खतावणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे, साताऱ्यातही संगणक अभियांत्रिकी शिकवली जाते. अशा ठिकाणी विंडोज न काढता लिनक्स शिकण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे आभासी यंत्र, अर्थात एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याची हार्ड डिस्क यजमान संगणकावर बहुधा एका फाइलच्या रूपात असते आणि तिला डिस्क इमेज म्हणतात.

गैरसमज: फाइलच्या नावाचे शेपूट बदलले की स्वरूपही बदलते.
वस्तुस्थिती: पोत्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली हळद बदलत नाही. आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी व्हीएमवेअरचे व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीडीआय आणि क्यूएमूचे क्यूकाऊ-२ ही स्वरूपे म्हणजे डिस्कचा कोणता तुकडा फाइलमध्ये कोठे आहे याच्या निरनिराळ्या खतावण्या होत; रॉ स्वरूपात मात्र खतावणीच नसते, कारण डिस्कवरचे स्थान हेच फाइलमधले स्थान असते. क्यूएमूची ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा जुन्या खतावणीनुसार तुकडे वाचते आणि नव्या पद्धतीने लिहिते.

गैरसमज: ४० जीबीची आभासी डिस्क ४० जीबी जागा अडवते.
वस्तुस्थिती: वाढत्या प्रकारच्या डिस्कमध्ये ४० जीबी ही केवळ कमाल मर्यादा असते आणि जेवढे लिहिले जाते साधारण तेवढीच फाइल फुगते. तरीही सहा जीबीची इमेज फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर मावत नाही, कारण तेथे एका फाइलला सुमारे ४ जीबीची मर्यादा आहे. रिकामी जागा किती, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

गैरसमज: एकच स्वरूप सर्वत्र उत्तम.
वस्तुस्थिती: निवड यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून करावी. हायपर-व्हीसाठी व्हीएचडीएक्स योग्य, कारण त्याची मर्यादा ६४ टीबी आहे, तर जुन्या व्हीएचडीची सुमारे २ टीबी. लिनक्सवरील केव्हीएममध्ये स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, हवे असल्यास क्यूकाऊ-२, आणि साधेपणा व वेग हवा असल्यास रॉ.

गैरसमज: रूपांतर पूर्ण झाले की यंत्र सुरू होणारच.
वस्तुस्थिती: रूपांतरात फक्त डिस्कवरची माहिती जाते, यंत्राची जडणघडण नाही, म्हणून नव्या यंत्रात बायॉस किंवा यूईएफआय ही आरंभपद्धती पूर्वीचीच ठेवावी लागते आणि डिस्क-नियंत्रक बदलल्यास विंडोजला त्याचा ड्रायव्हर आधीच द्यावा लागतो. यंत्र पूर्ण बंद करूनच रूपांतर करावे आणि नवे यंत्र सुरू होईपर्यंत मूळ फाइल पुसू नये.

गैरसमज: स्नॅपशॉट म्हणजेच बॅकअप.
वस्तुस्थिती: क्यूकाऊ-२ चे अंतर्गत स्नॅपशॉट त्याच फाइलमध्ये राहतात, आणि बाहेर ठेवलेलेही मूळ इमेजवर अवलंबून असतात. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. तसे पाणी तळमजल्यावरील संगणकात शिरले, तर इमेजबरोबर तिचे सारे स्नॅपशॉटही जातात, आणि वाचते ती फक्त साताऱ्यासारख्या दुसऱ्या गावी ठेवलेली स्वतंत्र प्रत.