पेशीचं ‘स्टार्ट’ बटण शोधायचं कसं? आधी बिघडवून बघा!

पाव फुगवणारं यीस्ट म्हणजे एकपेशीय जीव. पोषक द्रव आणि ऊब मिळाली की एका पेशीच्या दोन व्हायला साधारण दीड-दोन तास लागतात. पण ‘आता विभाजन सुरू कर’ हे तिला सांगतं कोण?

एखादी फाइल ॲपमध्ये काय काम करते हे कळत नसेल, तर ती काढून टाकायची आणि काय बंद पडतं ते बघायचं. जनुकांचंही तसंच. जनुकात असा बदल झालेल्या जीवाला म्युटंट म्हणतात. पण इथे एक गोची आहे. विभाजनाचंच जनुक बिघडलं तर पेशी वाढणारच नाहीत. मग अभ्यास कशाचा करणार?

तापमानाचा स्विच

१९७०च्या सुमारास अमेरिकेत सिएटलमध्ये लेलँड हार्टवेल यांनी यीस्टच्या जनुकांत रसायनाने रँडम बदल घडवले. त्यातून २३ अंश सेल्सिअसला नीट वाढणारे, पण ३६ अंशांना अडकणारे म्युटंट निवडले. बदललेल्या जनुकाचं प्रथिन गारव्यात काम करतं, उष्णतेत निकामी होतं. म्हणजे पेशी २३ला वाढवायच्या आणि तपासायच्या वेळी ३६ला न्यायच्या.

कळी म्हणजे प्रोग्रेस बार

या यीस्टला विभाजनाआधी कळी फुटते आणि ती मोठी होत जाते. त्यामुळे पेशी कुठवर आली हे मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं. इतर काही बिघडलं तर पेशी वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबतात. विभाजनाचं जनुक बिघडलं तर सगळ्या एकाच टप्प्यावर अडकतात. या खुणेवरून अशी शंभराहून जास्त जनुकं सापडली. त्यातलं ‘सीडीसी२८’ बिघडलं की कळीच फुटत नाही. हेच ते स्टार्ट बटण!

आणि माणसात?

ब्रिटनमध्ये पॉल नर्स दुसऱ्या जातीच्या यीस्टवर काम करत होते. तिथे हेच काम ‘सीडीसी२’ जनुक करतं. १९८७मध्ये त्यांनी आणि मेलनी ली यांनी हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं टाकून पाहिली. त्यातल्या एका जनुकामुळे पेशी पुन्हा विभागू लागल्या! म्हणजे यीस्ट आणि माणूस, दोघांचं बटण एकच. २००१मध्ये हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना नोबेल मिळालं.

कॅन्सर म्हणजे ताबा सुटलेलं पेशीविभाजन. स्तनांच्या काही कॅन्सरवर दिलं जाणारं पाल्बोसिक्लिब हे औषध याच कुटुंबातल्या दोन प्रथिनांना अडवतं. पुढच्या वेळी पाव खाताना हे नक्की आठवा.