पावसातलं वाळवण

वाळवण म्हटलं की डोळ्यांपुढे मे महिना येतो. अंगणात चटया, चटयांवर सोलं, फणसपोळी, सांडगी मिरच्या; खाडीकाठच्या घरांत सुंगटं आणि बांगडे; आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसवलेलं एखादं पोर. ते पोर मीही होतो. कोकणात या सगळ्याला आगोटीची तयारी म्हणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद, नदीला पूर, बाजाराची वाट चिखलाची. म्हणून मेच्या उन्हात वाळवायचं आणि पावसात खायचं, असा साधा हिशोब.

अळंबी हा हिशोब उलटा करते. ती पावसातच येते, एकदम येते, आणि दोन दिवसांत काळी पडून जाते. ती राखायची तर भर आषाढात वाळवावी लागते, जेव्हा दोरीवरचा टॉवेलसुद्धा तीन दिवस ओला असतो. आमचं आरोंदा तेरेखोल नदीच्या काठावर, पलीकडे गोवा. खाडीचा दमटपणा वेगळा आणि पावसाचा वेगळा. जुलैत आम्हांला दोन्ही मिळतात. अशा हवेत काही वाळवता येतं का, हा प्रश्न मला पडला तो शेजारच्या वहिनींमुळे.

चार वर्षांपूर्वी वहिनींनी पडवीत धिंगरी लावली. भाताचा पेंढा भिजवायचा, गरम पाण्यात उकळून निववायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बियाण्याबरोबर थरावर थर भरायचा. तीनेक आठवड्यांत पिशवी पांढरी होते, आणि मग शिंपल्यांसारखे झुबके फुटतात. अडचण ही की सगळ्या पिशव्या एकाच वेळी फुटतात. त्या दिवशी सात-आठ किलो माल निघाला, वीज सकाळपासून गेलेली, आणि ज्यानं घ्यायचं कबूल केलं होतं त्यानं फोनवर नको म्हणून सांगितलं. वहिनी टोपली घेऊन आमच्या दारात आल्या. मी म्हटलं, वाळवा. त्या म्हणाल्या, "चाचांनू, ह्या पावसात खंय वाळतली ती? ऊन खंय आसा?" मला उत्तर देता आलं नाही. निम्मी धिंगरी गावात वाटली, निम्मी माडाच्या आळ्यात गेली. त्या टोपलीनं मला शोधाला लावलं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की वाळवायला ऊन लागत नाही, कोरडी हवा लागते. ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी असतं. ते पाणी हवेनं उचलून न्यायला हवं. पावसाळ्यात २७ अंशांची हवा नव्वद टक्के भरलेली असते, म्हणजे ती भिजलेल्या पंचासारखी. आणखी पाणी टिपणार कशी? पण हीच हवा ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात पाणी तेवढंच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर येते. ओला पंचा पिळून हातात द्यावा, तसा हा प्रकार. म्हणजे थोडी ऊब आणि वाहती हवा एवढं जमवलं की आषाढातही वैशाख करता येतो. नुसता पंखा लावून भागत नाही, कारण तो ओलीच हवा फिरवतो. आणि नुसती ऊबही पुरत नाही, कारण बंद डब्यात वाफ कोंडते आणि अळंबी शिजते.

आमच्या घरातल्या जुन्या बायकांना हे शास्त्र न शिकता ठाऊक होतं. माझ्या खाला सुईदोऱ्यानं अळंबीच्या फोडी ओवून माळ चुलीवर दोन हात उंच टांगायच्या. खाली ज्वाळ नाही, फक्त निखारे. दोन दिवसांत माळ खडखडीत. काश्मीरकडची महागडी गुच्छीसुद्धा अशीच ओवून, माळा करून वाळवतात, हे मला पुष्कळ पुढे वाचनात आलं. चुलीवरच्या अळंबीला धुराचा वास लागतो. कुळथाच्या पिठीत तो मला आवडतो, पुलावात नाही.

आता चुली गेल्या. ज्यांच्याकडे विजेचं वाळवणयंत्र आहे त्यांनी ते पन्नास-पंचावन्न अंशांवर लावावं, प्रश्न मिटला. बेकरीसारखी भट्टी म्हणजे ओव्हन असेल तर तो सगळ्यांत कमी आचेवर ठेवून दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवावा, म्हणजे वाफ बाहेर पडते. काहीच नसेल त्यांच्यासाठी वहिनींच्या मुलानं केलेली पेटी सांगतो. लाकडी खोकं, तळाजवळ चार भोकं, झाकणाजवळ चार भोकं, खाली जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा बल्ब (एलईडी नव्हे, तो पुरेसा तापत नाही), मध्ये जाळीच्या दोन फळ्या. गरम हवा वर जाते, खालून नवी येते. आत थर्मामीटर ठेवून फळ्या वर-खाली कराव्या. वायरिंग मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या, बल्बजवळ कागद-कापड नको, आणि पेटी चालू ठेवून झोपायला जाऊ नका.

अळंबी तोडायची ती कोवळी, कडा अजून आत वळलेल्या असताना. कडा पसरून पातळ झाल्या की धिंगरी धुरळ्यासारखे बीजाणू सोडते. वहिनींना त्यानं खोकला लागायचा. पाण्यात धुऊ नका, ती स्पंजासारखी पाणी पिते. फडक्यानं किंवा मऊ ब्रशनं पुसा. धिंगरी हातानंच उभी फाडावी, बटणअळंबीचे पाव इंचापेक्षा जाड काप नकोत. जाळीवर एकेरी थर. पहिले दोन तास चाळीस-पंचेचाळीस अंश, मग पन्नास-पंचावन्न. घाई करून सत्तरवर नेलं की वरचं कातडं आवळतं आणि ओल आत अडकते. वरून वाळलेली दिसते, बरणीत गेल्यावर आठ दिवसांत बुरशी. सगळं मिळून आठ-दहा तास लागतात, पेटीत जास्तच.

मध्येच वीज गेली तर? आमच्याकडे हा प्रश्न नियमानंच येतो. अर्धी वाळलेली अळंबी ही सगळ्यांत वाईट अवस्था, कोमट आणि ओलसर, जिवाणूंना हवी तशी. थोड्या वेळाचा खंड चालतो. रात्रभराचा असेल तर ती त्याच वेळी शिजवून खाऊन टाकावी, हे माझं मत.

वाळली की नाही हे बघायचं तर निववून मोडून पाहा. पापडासारखी कट् आवाज करून तुटली तर झाली. चामड्यासारखी वाकली तर अजून नाही. दहा किलोंची साधारण एक किलो उरते. मग काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवायची. काचेला आतून दव दिसलं की परत पेटीत. ही आठ दिवसांची राखण लोक टाळतात आणि मग दैवाला दोष देतात. मीही दिलाय, पहिल्या वर्षी पुस्तकांच्या कपाटात ठेवलेली माझी बरणी गणपतीपर्यंत हिरवी झाली होती.

एरवी किडीसाठी चार दिवस बरणी फ्रीझरमध्ये ठेवावी, मग अंधाऱ्या कपाटात. आत सिलिका जेलची पुडी असावी. नसेल तर भाजून निववलेल्या तांदळाची पुरचुंडी, मिठाच्या डब्यात घालतो तशी. बरणी लहान घ्यावी, कारण पावसात झाकण उघडलं की दर वेळी ओल आत शिरते. वर्षभर सहज टिकते. ताजी किंवा अर्धवट सुकी अळंबी मात्र घट्ट पिशवीत किंवा तेलात बुडवून कपाटात ठेवू नका. ती श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवते, आणि प्राणवायू नसलेल्या ओलसर जागी एक फार घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. दुकानातल्या पाकिटाला बारीक भोकं असतात ती यासाठी.

उन्हाचा उपयोग मुळीच नाही असं नाही. दुपारी अर्धा-पाऊण तास ऊन पडलं तर काप झालरीची बाजू वर करून त्यात ठेवावे. अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं, सूर्यकिरणांनी त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. वाळवल्यावरही त्यातलं बरंच टिकतं.

हे सगळं झालं लावलेल्या अळंबीचं. रानातली गोष्ट निराळी. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयणीवरची अळंबी म्हणजे पावसाचा मेवा. ती वाळवीची शेती आहे. वारुळाच्या पोटात वाळवी पालापाचोळ्यावर ही बुरशी वाढवते, सुमारे तीन कोटी वर्षं वाढवते आहे. माणसाला तिची व्यापारी शेती अजून जमलेली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये तिला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी तिचा अभ्यास केला आणि ओरबाडून तोडू नका असं ते वारंवार सांगत आले. आमच्या गावची ग्रामदेवता सातेरी. या पट्ट्यात सातेरी वारुळाच्या रूपात पूजतात. खाला तिथं डोकं टेकायला जात नसत, पण रोयणीवर पाय दिला तर आम्हांला पाठीत धपाटा मिळे. काही छत्र्या तशाच सोडून द्यायच्या, रोयण खणायची नाही, हा नियम सगळ्या वाड्यांत एकच होता.

रोयणीची अळंबी मी वाळवत नाही. तिचा तो मांसासारखा गोडसर वास वाळल्यावर राहत नाही असं माझं नाक सांगतं. ती त्याच दिवशी, ओल्या खोबऱ्याच्या वाटपात.

पण वाळवायची म्हणून कुणी रानातून टोपलीभर आणत असेल तर त्याला एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. वाळवल्यानं विषारी अळंबीचं विष जात नाही. शिजवल्यानंही जात नाही. सगळ्यांत घातक अळंबीचं विष आठ-दहा तासांनी उलट्या-जुलाबानं दिसू लागतं, मध्ये बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत जातं. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण निळी होते का, किड्यांनी खाल्लीय का, या सगळ्या कसोट्या खोट्या. ओल्या अळंबीला निदान रंग, देठ, कंकण, मुळाशी पिशवी हे पाहून जाणता माणूस ओळखू शकतो. वाळलेल्या तुकड्यांत ते काहीच उरत नाही. म्हणून अनोळखी सुक्या अळंबीची पुडी कुणी भेट दिली तरी माझ्या घरात ती शिजत नाही.

वापरायची तऱ्हा सोपी. मूठभर अळंबी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग चांगली शिजवा. भिजवलेलं पाणी टाकू नका. फडक्यातून गाळून रश्शात घाला, खरी चव तिथं उतरते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा कुनिनाका यांनी १९५७ मध्ये शिताके अळंबीतलं ते चवीचं द्रव्य ओळखलं. ताज्या अळंबीत ते फार कमी असतं, वाळवून भिजवली आणि तापवली की वाढतं. श्रावणात मासे-मटण बंद असलेल्या घरांना याचा उपयोग मी सांगायला नको.

वहिनींच्या बरण्यांवर आता तारखेची चिठ्ठी असते. गेल्या एप्रिलात त्यांनी आदल्या जुलैची एक उघडली आणि वाटीभर अळंबी घरी पाठवली. वाटी परत करायला गेलो तेव्हा अंगणात सोलं वाळत होती आणि काठी घेऊन त्यांचा नातू बसला होता.