वाळूतून दृष्टी

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा गावाच्या आसपास, सालवृक्षांच्या रानाला लागून असलेल्या एखाद्या टोल्यावर सायंकाळची कुटुंबप्रार्थना चालू असावी, आणि घरातील आजीने तुटक्या दांडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवून प्रार्थनापुस्तकाचे पान उघडावे, हे दृश्य आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या परिचयाचे असेल. तो चष्मा नसता तर त्या माऊलीस अक्षर दिसले नसते. परंतु मूठभर वाळूपासून माणसाच्या डोळ्यांस उपयोगी पडणारी वस्तू कशी निर्माण झाली, तिच्यासाठी कोणी किती कष्ट उपसले, आणि त्या कष्टांशी आपल्या बिरसा-बालाघाटच्या मातीचा काय संबंध आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तोच विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

काच ही मुळात वाळूच होय. शुद्ध वाळू वितळण्यास सुमारे १,७०० अंश सेल्सिअस इतकी प्रखर उष्णता लागते, आणि सामान्य भट्टीस ती झेपत नाही. म्हणून वाळूत सोडा मिसळतात, म्हणजे ती कमी उष्णतेवर वितळते. परंतु केवळ वाळू आणि सोडा यांची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊपणा यावा म्हणून चुना घालावा लागतो. खिडकीच्या साध्या काचेत शंभर भागांपैकी सुमारे ७२ भाग वाळूचे, १४ भाग सोड्याचे आणि १० भाग चुन्याचे असतात. उरलेले थोडे इतर पदार्थांचे. गृहिणीने आमटीत मीठ, चिंच आणि गूळ यांचा मेळ घालावा, तसाच हा मेळ आहे. एक पदार्थ थोडा वाढला किंवा घटला की काचेचा सारा स्वभाव पालटतो. याच मेळाचा अभ्यास करून निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या काचा घडविणे, हे काचशास्त्राचे मुख्य कार्य होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. बालाघाटजवळची भरवेलीची खाण मँगनीजसाठी प्रसिद्ध आहे, आणि बिरसा भागातील मलाजखंड तांब्यासाठी. या दोन्ही धातूंचे काचेशी फार जुने नाते आहे. वाळूत लोहाचा अंश असला की काचेवर हिरवट झाक येते. ती घालविण्यासाठी जुने कारागीर वितळलेल्या काचेत मँगनीजचे ऑक्साइड टाकीत. त्याच्या योगे लोहाची हिरवी छटा फिकी पिवळट होते, आणि मँगनीजची स्वतःची जांभळी छटा त्या पिवळटपणास मारते. यामुळे त्या पदार्थास काचवाल्यांचा साबण असे गमतीचे नाव पडले. तांब्याची तऱ्हा निराळी. भट्टीत हवा खेळती असेल तर तांबे काचेस निळसर हिरवा रंग देते, आणि भट्टीतील प्राणवायू कमी केला तर तेच तांबे माणकासारखा लाल रंग देते. युरोपातील जुन्या महामंदिरांच्या खिडक्यांतून संतांच्या वस्त्रांवर जो लाल प्रकाश खेळतो, तो पुष्कळदा तांब्याचाच असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मँगनीजमुळे हिरवा डाग दिसेनासा होतो खरा, पण तो नाहीसा होत नाही. एका रंगावर दुसरा रंग चढविल्यामुळे काच रंगहीन भासते, मात्र तिच्यातून जाणारा प्रकाश तितकाच कमी होतो. पाण्याच्या पेल्यास एवढे चालते. दुर्बिणीच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगास ते चालत नाही. तेथे वाळूतूनच लोह काढून टाकावे लागते, इतके की दहा लाख भागांत त्याचे थोडकेच भाग उरावेत. डाग झाकणे वेगळे आणि डाग काढणे वेगळे, हे पापनिवेदनास बसणाऱ्या आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

चष्म्याचा इतिहास तर आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी निगडित आहे. १३०६ साली फ्लॉरेन्स शहरात दोमिनिकन संघाचे फादर जोर्दानो यांनी प्रवचनात सांगितले होते, की चष्मे करण्याची कला शोधून काढल्यास अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. त्यांच्याच संघाचे, पीसा येथील ब्रदर आलेस्सांद्रो देल्ला स्पीना यांच्याविषयी मठाच्या बखरीत एक मनोवेधक नोंद आहे. कोणा एकाने चष्मा प्रथम तयार केला, पण ती कृती तो कोणास सांगेना. ब्रदर आलेस्सांद्रो यांनी ती वस्तू पाहून स्वतः तशीच घडविली, आणि ती विद्या प्रसन्न अंतःकरणाने सर्वांस दिली. १३१३ साली ते प्रभूघरी गेले. विद्या लपविणारा आणि विद्या वाटणारा, असे दोन पुरुष काचेच्या कथेत पुढेही पुनःपुन्हा भेटतात.

दुर्बिणीच्या भिंगाची काच चष्म्याच्या काचेहून कितीतरी अवघड. ती आरपार एकजीव असावी लागते. पाण्यात साखर विरघळताना ज्या रेषा दिसतात तशा रेषा तिच्यात राहिल्या, तर आकाशातील तारा वेडावाकडा दिसतो. या रेषा जाव्यात कशा, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटत नव्हता. तो सोडविला स्वित्झर्लंडमधील पिएर लुई गिनाँ नावाच्या एका सुताराने. अनेक वर्षांच्या अपयशानंतर, १८०५ सालच्या सुमारास, त्याने वितळलेली काच भाजलेल्या मातीच्या दांड्याने ढवळण्यास प्रारंभ केला, आणि रेषा नाहीशा झाल्या. आपल्या आयाबहिणी खीर बुडी लागू नये म्हणून पळीने ढवळत राहतात, तितकी ही युक्ती साधी. पण ती सुचण्यास एका माणसाचे अर्धे आयुष्य खर्ची पडले.

हाच गिनाँ पुढे बव्हेरियातील बेनेडिक्टबॉयर्न येथील काचभट्टीवर गेला. ही भट्टी बेनेदिक्त संघाच्या जुन्या मठात होती. तेथे त्याच्या हाताखाली योसेफ फ्राउनहोफर हा तरुण तयार झाला. हा लहानपणीच मातापित्यांस मुकलेला मुलगा म्युनिक येथे आरसेवाल्याकडे उमेदवारी करीत होता. १८०१ साली ते घर कोसळले आणि तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्यास जिवंत बाहेर काढण्यात आले, आणि तेथे आलेल्या राज्यकर्त्याने दिलेल्या पैशांतून त्याने पुस्तके व अवजारे घेतली. या अनाथ मुलानेच पुढे सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातील काळ्या रेषांचा काळजीपूर्वक अभ्यास केला, आणि त्या रेषांच्या आधारे काचेची पारख करण्याची रीत घालून दिली. १८२६ साली अवघ्या ३९व्या वर्षी तो निवर्तला. मठाची ती वास्तू १९३० पासून डॉन बॉस्को यांच्या सालेशियन संघाकडे आहे.

त्यानंतर १८८४ साली जर्मनीतील येना शहरी ओटो शॉट आणि एर्न्स्ट आबे यांनी काचशाळा काढली. तोवर भिंगांसाठी मुख्यतः दोनच जातींच्या काचा होत्या, एक साधी व दुसरी शिशाची. शॉट यांनी बोरॉन, बेरियम, फॉस्फरस अशी द्रव्ये एकामागून एक घालून पाहिली, प्रत्येक काच प्रकाशास किती वाकविते याचे मोजमाप ठेविले, आणि नव्या काचांची मालिकाच जगापुढे मांडली. बोरॉनयुक्त काच तापवून एकदम गार केली तरी सहजासहजी तडकत नाही, कारण उष्णतेने ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. शाळेतील परीक्षानळी आणि दवाखान्यातील लशीच्या कित्येक कुप्या या जातीच्या काचेच्या असतात. व्हॅटिकनच्या वेधशाळेची जी दुर्बीण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रॅहॅम पर्वतावर आहे, तिचा १.८ मीटर रुंदीचा आरसाही बोरॉनयुक्त काचेचाच असून तो फिरत्या भट्टीत ओतलेला आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. माल काढण्याबरोबरच तेथे तरुणांस काचकाम शिकविले जाई, आणि तेथे शिकलेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत पसरले. १९१६ साली ओगले बंधूंनी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला, आणि त्या ठिकाणास ओगलेवाडी हे नाव पडले. त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. कंदिलाची काच एका अंगाने ज्योतीने तापते आणि दुसऱ्या अंगावर पावसाचे थंड थेंब पडतात. ती टिकवावयाची तर काचेचा मेळ आणि तिचे सावकाश निवविणे, दोन्ही साधावे लागते. तो कारखाना पुढे काळाच्या ओघात बंद पडला. वीज आल्यावर कंदीलही माळ्यावर गेले. परंतु पाखरू झडप घालावे तसा वारा येत असता तेवत राहिलेली ती ज्योत ज्यांनी पाहिली आहे, ते ओगल्यांस विसरणार नाहीत.

भिंगांची काच मात्र स्वातंत्र्यानंतरही परदेशाहूनच येत असे. ती घडविणारे देश मोजके, आणि ते आपली कृती कोणास सांगत नसत. कलकत्त्यास जादवपूर येथे १९५० साली केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले, आणि तेथे डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली हे काम हाती घेण्यात आले. डॉ. आत्माराम यांचा जन्म १९०८ सालचा, उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातील पिलाना या खेड्यातला. खेड्यातून आलेल्या या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणाची उसनी कृती न घेता, वाळू, कुंडीची माती, ढवळणे आणि निवविणे हे सारे स्वतः अभ्यासून भिंगांची काच तयार केली. १९५९ साली त्यांस शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. तांब्याने काच लाल कशी होते, हाही त्यांच्या संशोधनाचा एक विषय होता. पुढे त्याच संस्थेने अणुकेंद्रांच्या खिडक्यांसाठी शिशाची जाड काच घडविली. तिच्यातून काम पाहता येते, पण घातक किरणांस ती अडविते.

या साऱ्या कामात सर्वांत कठीण काय, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, निवविणे. काच घाईने गार केली तर तिच्या पोटात ताण राहून जातो. वरून ती निर्दोष दिसते, आणि एके दिवशी कारणावाचून फुटते. अमेरिकेतील पालोमार दुर्बिणीसाठी १९३४ साली ओतलेला ५ मीटर रुंदीचा आरसा निवविण्यास सुमारे दहा महिने लागले. मुलांच्या संगोपनाचेही असेच आहे. भट्टीची आच जितकी अगत्याची, तितकाच नंतरचा धीरही अगत्याचा.

वाचकहो, हे सर्व लिहिण्यामागे आमचा एक हेतू आहे. आपल्या जिल्ह्यातून मँगनीज व तांबे यांनी भरलेल्या गाड्या दररोज बाहेर जातात. खाणीत राबणारे हात आपल्याच घरांतील आहेत. परंतु त्या दगडाचे पुढे काय होते, कोणत्या मेळाने त्याचे मोल वाढते, हे ज्ञान जोवर आपल्या मुलांस होत नाही, तोवर दगड आपला आणि विद्या दुसऱ्याची अशीच स्थिती राहील. पिलान्याच्या मुलास जे साधले ते बिरशाच्या मुलामुलींस साधू नये, असे परमेश्वराने कोठे ठरविलेले नाही. मात्र त्यासाठी मुलास शाळेतून काढून कामास धाडण्याचा मोह आईबापांनी आवरला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट याहूनही जवळची. वर्गात फळ्यावरचे अक्षर न दिसल्यामुळे कित्येक मुले मागे पडतात, आणि आपण त्यांस आळशी, मंदबुद्धी म्हणून बोल लावतो. त्या बिचाऱ्या मुलास इतरांस याहून स्पष्ट दिसते हेच ठाऊक नसते. सरकारच्या अंधत्वनिवारण कार्यक्रमात शाळकरी मुलांचे डोळे तपासून गरजूंस विनामूल्य चष्मे देण्याची तरतूद आहे. आज चष्म्यांत काचेऐवजी बहुधा प्लास्टिकचे भिंग असते, पण त्यामागची विद्या तीच आहे. आपल्या मुलाने पुस्तक नाकाशी धरलेले दिसले, तो डोळे बारीक करून पाहू लागला, वारंवार डोके दुखते म्हणू लागला, तर त्यास रागावण्यापूर्वी आरोग्य केंद्रात न्यावे. मुलीच्या बाबतीत, चष्मा लागला तर लग्न जुळणार नाही अशा भीतीने टाळाटाळ करणारी घरे आहेत. त्यांस आमची हात जोडून विनंती आहे, की मुलीच्या डोळ्यांवर असा अन्याय करू नये.

ब्रदर आलेस्सांद्रो यांनी सातशे वर्षांपूर्वी जी विद्या प्रसन्न मनाने वाटली, ती आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहे. ती घरात घेणे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर प्रत्येक आईबापाने आपल्या लेकरास दूरच्या भिंतीवरील अक्षरे वाचावयास सांगावे, एक डोळा झाकून आणि मग दुसरा. एवढ्याने पूर्ण तपासणी होत नाही, हे खरे. परंतु शंका आलीच तर पाऊल आरोग्य केंद्राकडे वळेल, आणि एखाद्या मुलास फळा प्रथमच स्पष्ट दिसेल.