एका मिनिटाचं पोहणं

आषाढातली सकाळ. पूर्व विदर्भातल्या एका मत्स्यबीज केंद्रावर पोचले तेव्हा बाहेर पावसाची रिपरिप होती आणि शेडमध्ये काका प्लास्टिकचं घमेलं पुन्हा पुन्हा पुसत होते. "ताई, पाण्याचा थेंबही नको," त्यांनी बजावलं. ज्यांचा सारा जन्म पाण्यात, त्यांचं बीज इथे पाण्यापासून जपलं जात होतं.

चंदेऱ्याच्या, म्हणजे सिल्व्हर कार्प माशाच्या, जोड्यांना आदल्या संध्याकाळी संप्रेरकाचं इंजेक्शन दिलेलं. मादीचं पोट टॉवेलने टिपून काकांनी अंगठा हलकेच शेपटीकडे सरकवला, तशी अंड्यांची धार घमेल्यात उतरली. मग नराची पाळी. पहिला थेंब त्यांनी बाजूला टाकला. त्यात लघवी असू शकते. त्यामागून दुधासारखं दाट, पांढरं मिल्ट, म्हणजे माशाचं वीर्य, आलं.

त्यातला किंचितसा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मिलिलिटरमध्ये अब्जावधी शुक्रपेशी, पण हालचाल जवळपास नाही. काचेवर पाण्याचा थेंब सोडताच सगळं उसळलं. मी मनात साठ मोजेपर्यंत बहुतेक पेशी थांबल्या होत्या.

हे बळ येतं कुठून? शुक्रपेशीच्या शेपटीतलं डायनिन नावाचं विकर एटीपी या ऊर्जावाहक रेणूचं विघटन करतं आणि त्या ऊर्जेवर शेपूट हलते. एटीपीचा साठा तुटपुंजा. क्रिएटिन कायनेज हे दुसरं विकर तो भरून काढायला मदत करतं, पण खर्चाचा वेग मोठा असतो. म्हणून पेशी नराच्या शरीरात असेपर्यंत भोवतालचं शुक्रद्रव तिला निश्चल ठेवतं. कार्प कुळात हे काम प्रामुख्याने क्षारांची तीव्रता करते. गोडं पाणी मिसळून ती घटली की पेशी जागी होते. लघवीनेही तेच होतं, अंडी जवळ नसताना.

शुक्रद्रव राखणही करतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज ही विकरं घातक ऑक्सिजनरूपांना निष्प्रभ करतात, तर प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना आवर घालणारे रेणूही त्यात असतात. शुक्रपेशी फाटल्या की त्यांच्यातलं लॅक्टेट डिहायड्रोजनेज द्रवात झिरपतं. त्याचं वाढलेलं प्रमाण प्रयोगशाळेला इजेची खूण सांगतं, विशेषतः मिल्ट गोठवून साठवताना.

अंड्याचं कवच भेदायला सस्तन प्राण्यांच्या शुक्रपेशीकडे विकरांची टोपी असते. चंदेऱ्याच्या शुक्रपेशीला ती नाही. अंड्यावर एकच सूक्ष्म दार असतं, आणि पाणी लागल्यावर तेही फार वेळ उघडं राहत नाही. दोन्हीकडून घड्याळ चालू.

आदल्या संध्याकाळच्या त्या इंजेक्शनलाही इतिहास आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधुरींनी संप्रेरकाने कार्पचं प्रजनन यशस्वी केलं. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. इंजेक्शनने बीज तयार होतं. ते वाया जाऊ न देणं मात्र या कोरड्या हातांवर अवलंबून असतं. बोटुकलीसाठी, म्हणजे बोटभर पिल्लांसाठी, तळी तयार करून बसलेल्या शेतकऱ्याचं वर्षही त्याच हातांत असतं.

काकांनी अंडी आणि मिल्ट कोंबडीच्या पिसाने कालवलं. सगळं एकजीव झालं, आणि तेव्हाच त्यांनी पाण्याचा मग उचलला.