भाल्याचं वजन टोकाकडे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो सरोवर गोठलं, की फेब्रुवारीत भाल्याने स्टर्जन मासे मारण्याचा हंगाम सुरू होतो. बर्फात मोठं भोक पाडून त्यावर खोपटं उभारतात. आत काळोख असल्यामुळेच खालचं पाणी उजळ दिसतं. भाल्याचं वजन टोकाकडे हवं, म्हणजे तो न भरकटता सरळ खाली जातो. हात उगारून फेकण्याची गरजच नसते. टोक आधीच हळूच पाण्यात बुडवायचं, खळबळ होऊ द्यायची नाही, आणि मासा थेट खाली आला की डोक्यामागे नेम धरून भाला सोडायचा. तिरक्या नजरेला पाणी फसवतं. मासा लागला की फाळ दांड्यापासून सुटतो. पुढची झुंज फाळाला बांधलेल्या दोरावर. ३६ इंचांहून लहान स्टर्जन मारायला बंदी आहे, आणि ती हवीच. मादीला वयात यायलाच २० वर्षांहून अधिक काळ लागतो.